घरचा सर्व्हर बाहेरून का दिसत नाही?

जुना लॅपटॉप किंवा रास्पबेरी पायसारखा तळहाताएवढा संगणक घरात चोवीस तास चालू ठेवून त्यावर स्वतःचे संकेतस्थळ किंवा कुटुंबाच्या छायाचित्रांचा संग्रह चालवणाऱ्या हौशी मंडळींना बहुधा एकच अडचण आधी गाठते. घरातल्या वाय-फायवरच्या मोबाइलवर पान झटकन उघडते, पण परगावच्या नातेवाइकाने पत्ता टाकला की ब्राउझर बराच वेळ फिरत राहतो आणि शेवटी हात टेकतो. अशा वेळी सर्व्हरच्या प्रोग्रॅमला दोष देऊन तो पुन्हा पुन्हा बसवला जातो. वास्तविक घरातल्या दुसऱ्या उपकरणावर पान उघडते, एवढ्यावरूनच तो प्रोग्रॅम बहुतेक ठीक आहे हे स्पष्ट होते. बिघाड शोधायचा तो बाहेरून घरापर्यंत येणाऱ्या वाटेवर.

इंटरनेटवरच्या प्रत्येक यंत्राला ओळखण्यासाठी जो क्रमांक दिला जातो, त्याला आयपी पत्ता म्हणतात. घरातल्या संगणकाला १९२.१६८.१.१० असा जो पत्ता मिळतो, तो मात्र खाजगी असतो. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या आरएफसी १९१८ या तांत्रिक दस्तऐवजाने असे काही पत्ते अंतर्गत वापरासाठी राखून ठेवले असून ते लाखो घरांत एकाच वेळी वापरले जातात, त्यामुळे बाहेरच्या जगात त्यांना काही अर्थ नसतो. बाहेर दिसतो तो राउटरचा सार्वजनिक पत्ता, आणि आतल्या सगळ्या उपकरणांची मागणी राउटर त्याच एका पत्त्याने बाहेर पाठवतो. या अदलाबदलीला नॅट म्हणतात. आतून गेलेल्या मागणीचे उत्तर कोणाला द्यायचे हे राउटरने टिपून ठेवलेले असते, परंतु बाहेरून आपणहून आलेली मागणी कोणाची हे त्याला ठाऊक नसल्याने तो ती टाकून देतो. कार्यालयाच्या मुख्य क्रमांकावर फोन आला आणि एक्स्टेन्शन सांगितलेच नाही, तर ऑपरेटर तो कोणाकडे जोडणार, तशातला हा प्रकार. हे एक्स्टेन्शन म्हणजे पोर्ट, म्हणजेच एका यंत्रावरच्या निरनिराळ्या सेवांना दिलेले क्रमांक. साध्या वेब पानांसाठी ८० आणि कूटबद्ध पानांसाठी ४४३ हे ठरलेले आहेत. अमुक पोर्टवर आलेली मागणी तमुक संगणकाकडे पाठवावी, असा जो नियम राउटरमध्ये लिहावा लागतो, तो पोर्ट फॉरवर्डिंग.

चाचणी कुठून घेतली जाते, हे येथे फार महत्त्वाचे ठरते. घरातल्याच वाय-फायवरून सार्वजनिक पत्ता टाकून पाहणे फसवे असते, कारण आतून निघून आपल्याच सार्वजनिक पत्त्यावर परत येणारी मागणी अनेक राउटरांना हाताळता येत नाही, किंवा ते सर्व्हरऐवजी स्वतःचेच लॉगिनचे पान दाखवतात. त्यामुळे बाहेर सुरळीत चाललेला सर्व्हरही बंद वाटतो. मोबाइलचे वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावरून पाहणे, ही त्यातल्या त्यात सोपी आणि खरी परीक्षा होय.

मग त्रुटीचा संदेश नीट वाचावा. कनेक्शन तत्काळ नाकारले गेले, तर मागणी बहुधा कुठल्यातरी यंत्रापर्यंत, म्हणजे राउटर किंवा सर्व्हरपर्यंत पोहोचली असून त्या पोर्टवर ऐकणारे कोणी नाही, असा अर्थ निघतो. उलट बराच वेळ काहीच न होता टाइमआउट आला, तर ती वाटेत कोणीतरी मुकाट्याने टाकून दिली, किंवा तिचे उत्तर परत येताना हरवले. सर्व्हर लिनक्सवर असेल तर येणारी पॅकेट दाखवणारा टीसीपीडम्प हा प्रोग्रॅम सुरू ठेवून मोबाइल डेटावरून पान उघडावे: पडद्यावर त्या मागणीची एकही ओळ उमटली नाही तर दोष संगणकाच्या बाहेर, आणि ओळी उमटूनही पान उघडले नाही तर दोष संगणकात. हा एक प्रयोग तासन्‌तासांचे तर्कवितर्क वाचवतो.

संगणकातले दोष थोडे आणि ओळखीचे आहेत. येणाऱ्या मागण्या गाळणाऱ्या फायरवॉलने केवळ घरातल्या पत्त्यांनाच परवानगी दिलेली असते. पत्ता हाताने भरताना गेटवे, म्हणजे बाहेर जाण्याचा मार्ग दाखवणारा राउटरचा पत्ता, चुकलेला असतो. मग घरातल्या घरात सारे सुरळीत चालते, पण बाहेरच्याला द्यायचे उत्तर बाहेर पडतच नाही. सर्व्हरवर रहदारी दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारे व्हीपीएन चालू असेल तर मागणी एका दाराने येते आणि उत्तर दुसऱ्याच दाराने निघून जाते. राउटरच्या बाजूला पाहावे तर वीज जाऊन आल्यावर संगणकाला नवा खाजगी पत्ता मिळालेला असतो आणि फॉरवर्डिंगचा नियम जुन्याच पत्त्याकडे बोट दाखवत राहतो; त्या संगणकासाठी पत्ता राखून ठेवण्याची सोय बहुतेक राउटरांत असते.

एवढे सगळे बरोबर असूनही सर्व्हर दिसत नसेल, तर राउटरच्या डब्ल्यूएएन, म्हणजे बाहेरच्या जोडणीच्या, पानावरचा पत्ता आणि एखाद्या पत्ता दाखवणाऱ्या संकेतस्थळाने सांगितलेला पत्ता हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. खरे तर ही तुलना सगळ्यात आधी व्हायला हवी, कारण ते दोन जुळले नाहीत तर राउटरमधला कोणताही नियम निरुपयोगी आहे. राउटरला १९२.१६८ने सुरू होणारा पत्ता मिळाला असेल, तर बहुधा कंपनीने बसवलेल्या फायबरच्या डब्यामागे ग्राहकाने दुसरा राउटर लावलेला असतो आणि नॅट दोनदा होते. मात्र १००.६४ ते १००.१२७ यांपैकी आकड्यांनी सुरू होणारा पत्ता दिसला, तर दुसरे नॅट थेट कंपनीच्या केंद्रात आहे, आणि त्यावर ग्राहकाचा काडीचाही ताबा नाही.

याला सीजीनॅट म्हणतात, आणि त्याचे मूळ टंचाईत आहे. आयपीच्या चौथ्या आवृत्तीचा पत्ता ३२ बिटांचा असल्याने असे पत्ते सुमारे ४२९ कोटीच होऊ शकतात. जागतिक साठ्यातले शेवटचे मोठे गट फेब्रुवारी २०११मध्ये वाटले गेले, आणि आशिया-पॅसिफिक विभागाला पत्ते देणाऱ्या एपनिक या संस्थेकडे त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये मुक्तपणे देण्याजोगा साठा उरला नाही. पुढे २०१२मध्ये कंपन्यांच्या या मधल्या नॅटसाठीच १००.६४पासूनचा सुमारे ४२ लाख पत्त्यांचा पट्टा राखून ठेवण्यात आला. एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांना वाटून देण्याची ही युक्ती व्हिडिओ पाहणाऱ्याच्या कधी लक्षातही येत नाही. स्वतः काही देऊ पाहणाऱ्याचे दार मात्र ती बंद करते.

अशा वेळी जादा शुल्क भरून कंपनीकडून स्थिर सार्वजनिक पत्ता घेणे हा सरळ मार्ग. तो देण्याची तयारी मात्र कंपनीगणिक वेगळी असते, आणि काही कंपन्या घरगुती जोडणीवर पोर्ट ८० अडवूनही ठेवतात. दुसरा मार्ग बोगद्याचा: घरचा संगणकच बाहेरच्या भाड्याच्या सर्व्हरशी किंवा क्लाउडफ्लेअरसारख्या सेवेशी कायमची जोडणी करतो आणि पाहुण्यांच्या मागण्या तिच्यातून आत येतात; मात्र यात पाहुण्यांची सारी रहदारी तिसऱ्याच्या हातून जाते, हे मान्य करावे लागते. तिसरा मार्ग आयपीच्या सहाव्या आवृत्तीचा. तिचा पत्ता १२८ बिटांचा असल्याने टंचाईचा प्रश्नच उरत नाही, आणि भारतात, विशेषतः जिओच्या २०१६मधल्या आगमनानंतर, तिचा प्रसार मोठा आहे. येथे फॉरवर्डिंग लागत नाही, परंतु राउटरची फायरवॉल त्या पोर्टसाठी उघडावी लागते, आणि ज्या पाहुण्याच्या जोडणीला सहावी आवृत्ती मिळालेली नाही, त्याला सर्व्हर तरीही दिसत नाही.

दार उघडले की पहिले येणारे पाहुणे बहुधा नातेवाईक नसतात. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३मध्ये तयार केलेला झीमॅप हा प्रोग्रॅम एका संगणकावरून, गिगाबिट जोडणीवर, चौथ्या आवृत्तीचे सगळे पत्ते पाऊण तासात तपासू शकत होता, आणि असे धुंडाळणे आता अखंड चालते. म्हणून फायरवॉल पूर्ण बंद करून पाहण्याचा सर्रास दिला जाणारा सल्ला धोक्याचा आहे; हवे तेवढेच पोर्ट उघडावे आणि राउटरचे लॉगिनचे पान बाहेरून कधीच खुले ठेवू नये. चौथ्या आवृत्तीच्या सार्वजनिक पत्त्यावर पोर्ट उघडल्यानंतर थोड्याच वेळात सर्व्हरच्या लॉगमध्ये, वर्डप्रेस कधी बसवलेलेच नसतानाही, त्याच्या लॉगिनच्या पानाची मागणी करणाऱ्या अनोळखी पत्त्यांच्या ओळी दिसू लागतात.