खासदाराचा राजीनामा आणि पोटनिवडणूक: गैरसमज व वस्तुस्थिती

खासदाराने राजीनामा जाहीर केला की जागा रिकामी झाली, असे सर्रास धरले जाते. प्रत्यक्षात राज्यघटनेच्या कलम १०१ नुसार राजीनामा स्वतःच्या सहीने, लेखी आणि सभागृहाच्या पीठासीन अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो, लोकसभेत अध्यक्षांकडे. त्यांनी तो स्वीकारल्यावरच खासदारकी संपते. पक्षश्रेष्ठींना धाडलेल्या पत्राला या बाबतीत काहीच किंमत नाही. राजीनामा दबावाखाली दिलेला नाही ना, याची खात्री करण्याची तरतूद १९७४ च्या ३३व्या घटनादुरुस्तीने आली. लोकसभेत तो स्वीकारला जाईपर्यंत मागेही घेता येतो.

कोल्हापूरकरांना जवळचे उदाहरण साताऱ्याचे. मे २०१९ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेसतर्फे निवडून आलेले उदयनराजे भोसले यांनी १४ सप्टेंबरला राजीनामा दिला आणि त्याच दिवशी भाजपमध्ये प्रवेश केला.

पक्षांतरबंदी कायदा असताना हे कसे चालले, असा प्रश्न तेव्हा अनेकांना पडला. हा कायदा, म्हणजे राज्यघटनेची दहावी अनुसूची, सदस्य असताना पक्ष सोडणाऱ्याला अपात्र ठरवते. आधी सदस्यत्वच सोडले, तर काढून घ्यायला काही उरत नाही. मात्र पक्षांतर आधी घडले असेल, तर नंतरच्या राजीनाम्याने अपात्रता पुसली जात नाही. कर्नाटकातील १७ आमदारांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०१९ रोजी हे स्पष्ट केले. अपात्रता कायम राहिली, पण विधानसभेची मुदत संपेपर्यंत निवडणूक लढवण्यावर घातलेली बंदी रद्द झाली. खटला ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते श्रीमंत पाटील मिरजेपलीकडच्या कागवाडचे. डिसेंबरच्या पोटनिवडणुकीत ते भाजपतर्फे निवडूनही आले.

सहा महिन्यांत पोटनिवडणूक होतेच, हे अर्धसत्य आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम १५१अ ही मुदत घालते, पण उरलेला कार्यकाळ वर्षाहून कमी असल्यास किंवा केंद्र सरकारशी विचारविनिमय करून निवडणूक आयोगाने अडचण प्रमाणित केल्यास सूट मिळते. कोल्हापूर उत्तर विधानसभेची जागा आमदार चंद्रकांत जाधव यांच्या निधनाने डिसेंबर २०२१ मध्ये रिकामी झाली आणि १२ एप्रिल २०२२ ला मतदान झाले. पुण्यात खासदार गिरीश बापट यांच्या मृत्यूनंतर वर्षाहून अधिक काळ शिल्लक असूनही ते झाले नाही. मुंबई उच्च न्यायालयाने ते घेण्यास सांगितले, पण सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली.

विधानसभेची निवडणूक असली की लोकसभेची पोटनिवडणूक आपोआप जोडली जाते, असेही नाही. २१ सप्टेंबर २०१९ च्या घोषणेत सातारा नव्हते. तीन दिवसांनी ते वेगळे जाहीर झाले आणि मतदान मात्र विधानसभेबरोबरच, २१ ऑक्टोबरला झाले.

राजीनामा देणारा बलाढ्य असला तर निकाल ठरलेलाच, हा समज साताऱ्याने मोडला. माजी राज्यपाल श्रीनिवास पाटील यांनी उदयनराजेंना ८७ हजारांहून अधिक मतांनी हरवले. त्यांना नवी पाच वर्षे मात्र मिळाली नाहीत. पोटनिवडणुकीतला खासदार उरलेल्या मुदतीपुरताच असतो, म्हणून २०२४ मध्ये सातारकरांनी पुन्हा मतदान केले. तेव्हा उदयनराजे जिंकले.