पांढऱ्या पेशींची साक्ष

निरोगी माणसाच्या एक घन मिलिमीटर रक्तात साधारणपणे ४,००० ते ११,००० पांढऱ्या पेशी असतात. जंतुसंसर्ग झाला की त्या वाढतात, हा सर्वसामान्य नियम. परंतु यकृताचा सिरॉसिस झालेल्या रोग्याच्या बाबतीत हा नियम फसवा ठरू शकतो.

या रोगात यकृत घट्ट व गाठाळ बनते. त्यातून जाणारे रक्त अडून मागे तुंबते, प्लीहा फुगते आणि पांढऱ्या पेशी स्वतःत अडवून ठेवते. समजा, एखाद्या रोग्याच्या पेशी एरवीच ३,००० आहेत. संसर्गाने त्या ७,००० झाल्या, तरी अहवालातला आकडा निरोगी माणसाचाच वाटेल! तापही कित्येकदा येत नाही. म्हणून आजचा आकडा त्याच रोग्याच्या जुन्या आकड्याशी ताडून पाहावा लागतो.

पोटात पाणी साठले असेल, तर खरी साक्ष त्या पाण्यात मिळते. सुईने थोडे पाणी काढून त्यातील न्यूट्रोफिल जातीच्या पांढऱ्या पेशी मोजतात. घन मिलिमीटरला त्या २५० वा अधिक भरल्या, तर जंतू कोणते हे कळण्याची वाट न पाहता प्रतिजैविके सुरू करतात. कारण इथला उशीर जिवावर बेततो. तेव्हा रोग्याचे जुने अहवाल जपून ठेवणे, एवढे तरी घरच्यांनी अवश्य करावे.