जमीन रस्त्याला, वरचं आकाश दुसरीकडे

ठाण्यात घोडबंदर रोडच्या आतल्या बाजूला किंवा कल्याण पश्चिमेला एखादा नवा, ऐसपैस डीपी रोड, म्हणजे विकास आराखड्यातला रस्ता, दिसला की आपण गृहीत धरतो, महापालिकेने ही जमीन पैसे मोजून घेतली असणार. पुष्कळदा तिच्या तिजोरीतून जमिनीपोटी एक रुपयाही गेलेला नसतो. त्या रस्त्याची किंमत शहराच्या दुसऱ्या टोकाला, कुठल्या तरी इमारतीच्या वरच्या मजल्यांच्या रूपात उभी असते.

याचं मूळ १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम १२६ मध्ये आहे. विकास आराखड्यात आरक्षित झालेली जमीन मिळवण्याचे तीन मार्ग तिथे आहेत. मालकाशी बोलणी करून रोख मोबदला द्यायचा, जमिनीच्या बदल्यात बांधकामाचा हक्क द्यायचा, किंवा भूसंपादन कायदा वापरायचा. १ जानेवारी २०१४ पासून लागू झालेल्या नव्या भूसंपादन कायद्यात बाजारभावावर १०० टक्के दिलासा रक्कम द्यावी लागते. शहरी भावांत हा आकडा महापालिकेला पेलत नाही, म्हणून गाडी दुसऱ्या मार्गावर येते. त्यालाच सगळे टीडीआर म्हणतात, हस्तांतरणीय विकास हक्क.

यातली मूळ कल्पना मला आजही थक्क करते. पायाखालची माती आणि तिच्यावर बांधता आले असते ते मजले, या दोन गोष्टी एकमेकींपासून सुट्या करता येतात. माती रस्त्यात जाते, मजले मालकाकडे राहतात आणि तो ते विकू शकतो. न्यूयॉर्कने १९६० च्या दशकात जुन्या वास्तू वाचवण्यासाठी हा मार्ग घेतला. ग्रँड सेंट्रल स्थानकावर टॉवर बांधायला नकार मिळाला, पण वरची न वापरलेली उंची जवळच्या भूखंडांवर नेण्याची मुभा होती. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने तीच कल्पना रस्ते, उद्याने आणि शाळांच्या आरक्षणांना लावली.

आता हिशेब पाहू. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेली एकात्मिक नियमावली ठाण्याला आणि कल्याण-डोंबिवलीला लागू आहे. तिच्यानुसार दाट वस्तीबाहेरची जमीन दिली तर तिच्या दुप्पट टीडीआर मिळतो, दाट वस्तीतल्या जमिनीला तिप्पट. समजा, शहराच्या कडेला कुणाची १०० चौरस मीटर जागा रस्त्यात गेली. त्याला २०० चौरस मीटरचा हक्क मिळाला. पण तो वापरताना दोन्ही ठिकाणचे रेडी रेकनरचे, म्हणजे सरकारने ठरवलेले जमिनीचे दर आडवे येतात. जिथून हक्क निघाला तिथला दर २०,००० रुपये आणि जिथे चढवायचा तिथला ८०,००० असेल, तर २०० चे ५० होतात. पैशातलं मोल तेवढंच राहतं, क्षेत्रफळ आक्रसतं. हे सूत्र नसतं तर स्वस्त माळरान देऊन स्टेशनजवळच्या महागड्या जागेवर मजलेच्या मजले चढवता आले असते.

हा हक्क असतो एका कागदावर: विकास हक्क प्रमाणपत्र. ते हाती येण्याआधी जागा अतिक्रमण आणि बोजा यांपासून मोकळी करून तिचा ताबा द्यावा लागतो, सातबाऱ्यावर किंवा मिळकतपत्रिकेवर महापालिकेचं नाव चढावं लागतं. मग प्रमाणपत्रावर क्षेत्र लिहिलं जातं. थोडा हक्क कुठे वापरला की तेवढा वजा करून शिल्लक आकड्यांत आणि अक्षरांत नोंदवतात, अगदी बँकेच्या पासबुकासारखी. फरक एवढाच की इथे शिल्लक असतं ते न बांधलेलं घर.

हे आकाश कुठेही नेऊन चढवता येत नाही. ९ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावरच्या भूखंडाला टीडीआर घेता येत नाही. रस्ता जितका रुंद, तितकी मुभा वाढते. हा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो. पण तो रस्ता पाहतो, जलवाहिनी पाहत नाही. रस्ता मिळाला एका भागाला आणि वाढीव कुटुंबांचं पाणी, सांडपाणी, गाड्या आल्या दुसऱ्या भागाला, याचा ताळेबंद आपल्याकडे कुणी मांडत नाही. तो मांडायलाच हवा.

बांधकाम करणाऱ्याकडून घेतलं जाणारं शुल्क, म्हणजे विकास आकार, हा याच चक्राचा दुसरा दात आहे. १९९२ मध्ये त्याच नगररचना कायद्यात आलेल्या प्रकरणानुसार नकाशा मंजूर करताना तो घेतला जातो, रेडी रेकनरच्या दराशी बांधून. व्यापारी बांधकामाला निवासीपेक्षा जास्त. मेट्रोसारख्या नागरी वाहतूक प्रकल्पांसाठी तो दुप्पट करण्याची तरतूद पुढे झाली. पैसा स्वतंत्र निधीत जमा व्हायचा आणि सार्वजनिक सुविधांवरच खर्च व्हायचा, असं कायदा सांगतो.

आणि या सगळ्याला काळाची मर्यादा आहे. आराखडा लागू होऊन १० वर्षं झाली आणि जमीन घेतली गेली नाही, तर कलम १२७ नुसार मालक नोटीस देऊ शकतो. २०१५ च्या दुरुस्तीनंतर महापालिकेकडे २४ महिने असतात. तेवढ्यात तिने जमीन घेतली नाही किंवा संपादनाची पावलं उचलली नाहीत, तर आरक्षण सुटतं. उद्यानाची किंवा शाळेची जागा मालकाला बांधकामासाठी मोकळी होते. ठाण्याचा आराखडा १९९९ चा, नवा प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला २०२४ मध्ये. मधल्या वर्षांत, कल्याण-डोंबिवलीत नोव्हेंबर २०२० पासून आणि ठाण्यात मार्च २०२२ पासून, महासभाच नव्हती. नगरसेवकांनी सभागृहात ज्यावर भांडायचं, ते जमिनीचे प्रस्ताव प्रशासकाच्या सहीने मंजूर होत राहिले. आपल्या गल्लीच्या आरक्षणाची फाइल कुठे आहे, हे माहितीच्या अधिकारात विचारता येतं, आणि ते विचारायला जमीनमालक असावं लागत नाही.