पार्ट-टाइम कोर्सला स्टुडंट व्हिसा मिळतो का?

आजचा भाग एका शब्दाबद्दल आहे. तो शब्द आहे पार्ट-टाइम. इंदूर असो, बडोदा असो, बेळगाव असो की हैदराबाद, मुलगा किंवा मुलगी परदेशी शिकायला निघाली की घरात हा शब्द पन्नास वेळा उच्चारला जातो. आणि बहुतेक वेळा बोलणारा एक अर्थ धरतो, ऐकणारा दुसरा.

शिकता शिकता पार्ट-टाइम नोकरी करणं ही एक गोष्ट. ती बहुतेक देशांत तासांची मर्यादा पाळून करता येते. कोर्सच पार्ट-टाइम घेणं ही अगदी वेगळी गोष्ट, आणि ती स्टुडंट व्हिसावर बहुतेक देशांत चालत नाही. एजंट जेव्हा म्हणतो, "काळजी करू नका काका, तिकडे पार्ट-टाइम चालतं," तेव्हा तो नोकरीबद्दल बोलत असतो. वडील मात्र हिशेब मांडतात की विषय कमी घेतले तर फी कमी आणि उरलेल्या वेळात कमाई जास्त. मेख इथेच आहे. नोकरीची ती सवलत पूर्णवेळ शिकणाऱ्यालाच मिळते. कोर्स अर्धवेळ केला की सवलत तर जातेच, बऱ्याचदा व्हिसाचा आधारही जातो.

असं का, ते आधी समजून घेऊ. म्हणजे नियम पाठ करावे लागत नाहीत. फौजेत जवान प्रवासाला निघतो तेव्हा त्याच्या खिशात मूव्हमेंट ऑर्डर असते. कुठून कुठे, कशासाठी, कधी पोहोचायचं, सगळं त्यात लिहिलेलं. त्या कागदावर तो वाटेत दुसऱ्या गावी मुक्काम ठोकून बसू शकत नाही. स्टुडंट व्हिसा हा असाच कागद आहे. यजमान देश म्हणतो, तू शिकायला येतोयस, तर शिकणं हेच तुझं मुख्य काम असलं पाहिजे. आठवड्यातून दोन संध्याकाळी वर्गात बसणारा माणूस उरलेला आठवडा काय करणार, हा प्रश्न त्यांच्या अधिकाऱ्याला पडतो, आणि उत्तर त्याला ठाऊक असतं. म्हणून पूर्णवेळची अट.

अमेरिकेपासून सुरुवात करतो, कारण तिथला नियम सर्वांत आकडेबद्ध आहे. तिथल्या विद्यापीठीन शिक्षणाचा व्हिसा म्हणजे एफ-१. पदवीच्या विद्यार्थ्याने प्रत्येक सत्रात किमान १२ क्रेडिट घ्यायला हवीत. मास्टर्सला किती, हे विद्यापीठ ठरवतं. बऱ्याच ठिकाणी ९ असतात. आणि या किमान आकड्यात सत्राला एकच ऑनलाइन विषय, म्हणजे जास्तीत जास्त ३ क्रेडिट, धरता येतो. उन्हाळ्याची सुट्टी ही सुट्टीच, तेव्हा नाव नोंदवलं नाही तरी चालतं. सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं. कॅम्पसबाहेर परवानगीशिवाय नाही.

आता घरोघरी घडणारी गोष्ट बघा. मुलाचा पहिलाच सत्र. थंडी, परकं जेवण, प्राध्यापकांचे उच्चार कळत नाहीत, एक विषय डोक्यावरून जातोय. तो रात्री फोन करतो. आई म्हणते, "जमत नसेल तर सोड बाबा तो विषय, पुढच्या वेळी घे." आपल्याकडे हा सल्ला चुकीचा नाही. आपल्याला एटीकेटीची सवय आहे, राहिलेला विषय पुढे सोडवता येतो. मुलगा कॉलेजच्या संकेतस्थळावर जातो, बटण दाबतो, विषय जातो. त्याची १२ क्रेडिट होती, ती ९ झाली. त्या क्षणी तो एफ-१ च्या अटीबाहेर गेला.

विद्यापीठात एक अधिकारी असतो, त्याला डीएसओ म्हणतात. परदेशी विद्यार्थ्यांची नोंद सरकारच्या सेविस नावाच्या संगणक प्रणालीत ठेवणं हे त्याचं काम. परवानगीशिवाय भार कमी झालेला दिसला की त्याला तशी नोंद करावी लागते आणि विद्यार्थ्याचं रेकॉर्ड बंद होऊ शकतं. रेकॉर्ड बंद म्हणजे कामाचा हक्क संपला. मग दोनच वाटा. एक, इमिग्रेशन खात्याकडे पूर्ववत करण्याचा अर्ज, जो साधारणपणे पाच महिन्यांच्या आत करावा लागतो आणि मंजूर होईलच असं नाही. दुसरी, देश सोडून नवा आय-२० घेऊन पुन्हा प्रवेश.

यातली गंमत म्हणा किंवा क्रूरपणा म्हणा, तो असा की विषयात नापास झाल्याने एफ-१ आपोआप मोडत नाही. नाव नोंदवलेलं होतं, वर्गात जात होता, परीक्षा दिली, नापास झाला, तरी त्या सत्रापुरता तो पूर्णवेळ विद्यार्थीच धरला जातो. गुण फारच घसरले तर विद्यापीठ कारवाई करेल, तो वेगळा प्रश्न. म्हणजे नापास होणं एकवेळ परवडतं, न विचारता सोडणं परवडत नाही. आपल्या आईवडिलांना हे नेमकं उलटं वाटतं, म्हणून मी इथे जरा थांबलो.

विषय कमी करण्याचे कायदेशीर मार्ग आहेत. आजारपण असेल आणि डॉक्टरचं पत्र असेल तर भार कमी करता येतो, गरज पडली तर पूर्ण सत्रही सोडता येतं. पण एका पातळीवरच्या शिक्षणात हे सगळं मिळून १२ महिन्यांपर्यंतच. सुरुवातीला इंग्रजी जड जाणं, तिथल्या शिकवण्याच्या पद्धतीची सवय नसणं, चुकीच्या पातळीच्या वर्गात पडणं, या कारणांसाठी एकदा सवलत मिळते, पण तेव्हाही निम्मा भार ठेवावाच लागतो. आणि शेवटच्या सत्रात पदवीला दोनच विषय उरले असतील तर दोनच घेता येतात. तिन्ही बाबतीत क्रम महत्त्वाचा. आधी डीएसओची मंजुरी, मग विषय सोडणं. फौजेत रजा मंजूर होण्याआधी गाडीत बसलेल्याला काय म्हणतात ते तुम्हाला माहीत आहे. रजेचं कारण खरं असलं तरी फरक पडत नाही.

एक अपवाद लोक मला पाठवतात, तो आपल्या कामाचा नाही. अमेरिकेने २००२ मध्ये कायदा करून सीमेपलीकडून रोज ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्यांना पार्ट-टाइम शिकायची मुभा दिली. ती कॅनडा आणि मेक्सिकोच्या नागरिकांना आहे, आणि तेही आपापल्या देशात राहत असतील तर. टोरांटोत राहणाऱ्या भारतीय पासपोर्टधारकाला ती लागू नाही.

आणि कागदावर पूर्णवेळ, प्रत्यक्षात वर्गच नाही, हा प्रकार? तो आपल्या मुलांनी फार महागात भोगलाय. कॅलिफोर्नियात प्लेझंटन इथे ट्राय-व्हॅली नावाचं एक विद्यापीठ होतं. जानेवारी २०११ मध्ये तिथे छापा पडला. विद्यार्थी बहुसंख्य भारतीय, त्यातले पुष्कळ तेव्हाच्या आंध्र प्रदेशातले. काहींच्या घोट्याला माग काढणारी इलेक्ट्रॉनिक पट्टी बांधली गेली, त्यावर आपल्या सरकारने निषेधही नोंदवला. संस्थाचालक बाई पुढे दोषी ठरल्या आणि २०१४ मध्ये त्यांना सोळा वर्षांहून जास्त शिक्षा झाली. जानेवारी २०१९ मध्ये मिशिगनमधलं फार्मिंग्टन विद्यापीठ गाजलं. ते तर तपासयंत्रणेनेच सापळा म्हणून उभं केलेलं होतं; वर्ग नाहीत, प्राध्यापक नाहीत. सुरुवातीला पकडलेल्या १३० विद्यार्थ्यांपैकी १२९ भारतीय होते. सापळा लावावा की नाही यावर तिथेही वाद झाला, आणि मला स्वतःला तो प्रकार पसंत नाही. पण हजेरीपटावर नाव आणि परेडला माणूस नाही, अशी व्यवस्था कुणी विकत असेल तर ती घेऊ नका.

आता ब्रिटन. हा खरा अपवाद आहे आणि यावरच सर्वाधिक गोंधळ आहे. जानेवारी २०१८ पासून ब्रिटनने पार्ट-टाइम कोर्ससाठी विद्यार्थी व्हिसाची सोय केली. मात्र कोर्स पदव्युत्तर पातळीचा किंवा त्यावरचा हवा, आणि संस्था नियमपालनाचा चांगला इतिहास असलेली उच्चशिक्षण संस्था हवी. म्हणजे "ब्रिटनमध्ये पार्ट-टाइमला व्हिसा मिळतो" हे वाक्य खोटं नाही. पण पुढची ओळ जाहिरातीत नसते. या व्हिसावर नोकरी अजिबात करता येत नाही, आठवड्याला एक तासही नाही. जोडीदार किंवा मुलं आश्रित म्हणून नेता येत नाहीत. आणि शिक्षणानंतर काही काळ राहून काम करू देणारा जो ग्रॅज्युएट मार्ग आहे, तो पूर्णवेळ शिकलेल्यांसाठी आहे. लंडनसारख्या शहरात दोन-तीन वर्षं घरून पैसे आणून राहायचं, कमवायचं नाही आणि शेवटी परत यायचं, हे ज्यांना परवडतं त्यांच्यासाठी हा मार्ग आहे. कर्ज काढून जाणाऱ्यासाठी नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. पूर्णवेळ पदवी घेणाऱ्याला तिथे सत्रात आठवड्याला २० तास काम करता येतं. त्याच शहरात, त्याच विद्यापीठात. फी हप्त्यात विभागली जाते म्हणून पार्ट-टाइमकडे वळणाऱ्यांनी हा हिशेब मांडून बघावा.

कॅनडाचा खड्डा वेगळ्या जागी आहे. तो पहिल्या दिवशी दिसत नाही. सहा महिन्यांपेक्षा कमी मुदतीच्या कोर्सला स्टडी परमिट लागत नाही, त्याहून मोठ्या कोर्सला लागतं. परमिट घेऊन गेलेल्या मुलाने मधल्या एखाद्या सत्रात विषय कमी केले, तर कॅम्पसबाहेर काम करायचा हक्क त्याच वेळी थांबतो. हा हक्क नोव्हेंबर २०२४ पासून सत्रात आठवड्याला २४ तासांचा आहे आणि तो पूर्णवेळ विद्यार्थ्याचा आहे. खरा फटका दोन वर्षांनी बसतो. शिक्षण झाल्यावरचं वर्क परमिट मागताना प्रत्येक सत्र पूर्णवेळ केलं होतं का, ते तपासतात. फक्त शेवटचं सत्र अर्धवेळ चालतं. ज्या वर्क परमिटसाठी पंजाबपासून आपल्यापर्यंत अनेकांनी जमीन गहाण टाकली, ते एका हलक्या सत्रामुळे हातातून जाऊ शकतं. आणि तेव्हा मुलाला आठवतही नसतं की तो विषय का सोडला होता.

ऑस्ट्रेलियात वाद घालायला जागाच नाही. परदेशी विद्यार्थ्यांना शिकवता येतील अशा कोर्सची क्रिकॉस नावाची सरकारी नोंदवही आहे. सबक्लास ५०० हा विद्यार्थी व्हिसा त्या नोंदवहीतल्या पूर्णवेळ कोर्सलाच मिळतो. एकूण कोर्सच्या एक तृतीयांशाहून जास्त भाग ऑनलाइन करता येत नाही. काम पंधरवड्याला ४८ तास, जुलै २०२३ पासून. तीन महिन्यांपर्यंतचं छोटं काही शिकायचं असेल तर ते व्हिजिटर व्हिसावरही होतं.

आयर्लंड दिवसाचा पूर्णवेळ कोर्स मागतं, आठवड्याला किमान १५ तास. रात्रीचे वर्ग चालत नाहीत. जर्मनीच्या कायद्यात पार्ट-टाइम शिक्षणाचा उल्लेख आहे, पण शब्द नीट वाचावा लागतो. पूर्णवेळ प्रवेश असलेल्याला, बाकी अटी पुऱ्या असतील तर, निवासपरवाना दिला जातो. अर्धवेळवाल्याला तो दिला जाऊ शकतो. ज्याने सरकारी आदेश वाचले आहेत त्याला या दोन क्रियापदांतलं अंतर सांगायला नको.

मग पार्ट-टाइम शिकतं कोण? जे दुसऱ्या कारणाने तिथे आधीच कायदेशीर राहत आहेत ते. अमेरिकेत एच-१बी वर काम करणारा आपला आयटीवाला नोकरी सांभाळून संध्याकाळचं एमबीए करू शकतो, कारण त्याचा राहण्याचा आधार नोकरी आहे. त्याच्या बायकोला एच-४ वर पूर्णवेळ किंवा अर्धवेळ, दोन्ही शिकता येतं. एफ-१ विद्यार्थ्याचा जोडीदार एफ-२ वर असतो. त्याला २०१५ पासून मान्यताप्राप्त संस्थेत अर्धवेळ शिकायची मुभा आहे, पूर्णवेळ पदवीला मात्र स्वतःचा एफ-१ घ्यावा लागतो. लग्न करून गेलेल्या कितीतरी मुली हे माहीत नसल्यामुळे वर्षानुवर्षं घरी बसतात. त्यांच्यासाठी पार्ट-टाइम हा शब्द खरोखर उपयोगाचा आहे. पर्यटक व्हिसावर गेलेल्या आईबाबांनी मात्र तिथे क्रेडिटच्या कोर्सला नाव घालू नये, हौसेचा छोटा वर्ग निराळा.

प्रवेशपत्र हातात आलं की काय बघायचं, ते सांगतो. कोर्सच्या नावाखाली शिक्षणाचा प्रकार लिहिलेला असतो, तो शब्द पूर्णवेळ आहे का ते पाहा. तो शब्द, कोर्सची सुरुवात आणि शेवट या तिन्ही गोष्टी अमेरिकेच्या आय-२० वर, ब्रिटनच्या कॅसमध्ये किंवा ऑस्ट्रेलियाच्या कन्फर्मेशन ऑफ एन्रोलमेंटवर जुळल्या पाहिजेत. विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला मुलाने स्वतः ईमेल करून तीन प्रश्न विचारावेत: सत्राला किमान किती विषय, त्यातले ऑनलाइन किती चालतात, आणि भार कमी करायचा झाल्यास आधी कुणाची परवानगी. उत्तर ईमेलनेच घ्यावं आणि जपून ठेवावं. एजंटच्या व्हॉट्सअॅप संदेशाला व्हिसा अधिकाऱ्यापुढे काही किंमत नसते. हे नियम दर वर्षा-दोन वर्षांनी हलतात, म्हणून निघायच्या आधी त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर आकडे पुन्हा एकदा पडताळून घ्या.

आणि घरच्यांनी फोनजवळ एक चिठ्ठी लावून ठेवा. मुलगा रात्री म्हणाला की विषय जमत नाही, तर पहिला प्रश्न एवढाच: ऑफिसात विचारलंस का?