आखातातील नोकरी आणि उतारवयाची तरतूद

खेड, दापोली, म्हसळा, श्रीवर्धन या कोकणातील तालुक्यांतून आखाती देशांत जाणाऱ्या माणसाचा हिशेब साधा असतो. तेथे काटकसरीने राहावयाचे आणि घरी पैसे धाडावयाचे. त्यातून घर बांधावयाचे, बहिणींची व मुलींची लग्ने करून द्यावयाची आणि जमल्यास बाजारपेठेत एखादा गाळा घ्यावयाचा. या हिशेबात आजारपणाचा आणि म्हातारपणाचा असे दोन रकाने बहुधा कोरेच राहतात. याला केवळ निष्काळजीपणा कारणीभूत नाही. नोकरी चालू असेपर्यंत या दोन्हींची सोय झालेलीच आहे, असे त्याला वाटते. आणि त्या समजुतीला थोडाफार आधारही असतो.

संयुक्त अरब अमिरातीत १ जानेवारी २०२५ पासून खासगी क्षेत्रातील सर्व कामगारांसाठी आरोग्यविमा सक्तीचा झाला. दुबई व अबू धाबीत तो त्यापूर्वीच होता. त्याचा खर्च मालकाने सोसावयाचा असतो. शिवाय ज्यांना परदेशी नोकरीसाठी शासनाची मंजुरी घ्यावी लागते, अशा अल्पशिक्षित कामगारांना निघण्यापूर्वीच प्रवासी भारतीय विमा योजनेत सहभागी व्हावे लागते. २००३ साली सुरू झालेल्या या योजनेत २०१७ च्या सुधारणेनुसार दोन वर्षांसाठी २७५ व तीन वर्षांसाठी ३७५ रुपये हप्ता ठरला. अपघाती मृत्यू वा कायमचे अपंगत्व आल्यास दहा लाख रुपये आणि रुग्णालयातील उपचारांसाठी एक लाखापर्यंत साहाय्य, अशी तिची तरतूद आहे. एवढ्या अल्प हप्त्यात हे संरक्षण उपेक्षणीय नाही. परंतु मालकाचा विमा नोकरीशी बांधलेला आणि या योजनेचा विमा मुदतीशी. माणूस कायमचा घरी परततो, तेव्हा त्याच्याजवळ यांपैकी काहीही उरत नाही.

निवृत्तिवेतनाची स्थिती याहून बिकट आहे. आखाती देशांतील निवृत्तिवेतनाच्या योजना प्रामुख्याने तेथील नागरिकांसाठी आहेत. परक्या कामगाराच्या वाट्याला येते ती ग्रॅच्युइटी. अमिरातीच्या कायद्यानुसार पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांचे आणि पुढील प्रत्येक वर्षासाठी ३० दिवसांचे वेतन मिळते. म्हणजे वीस वर्षे राबलेल्या माणसाला ५५५ दिवसांचे, सुमारे साडेअठरा महिन्यांचे वेतन हाती येणार. त्यातही हिशेब धरला जातो तो मूळ वेतनाचा. घरभाडे व इतर भत्ते त्यातून वगळलेले असतात. ज्याचे मूळ वेतन एक हजार दिरहम, त्याला वीस वर्षांअखेर साडेअठरा हजार दिरहम मिळतील. छपराची दुरुस्ती आणि एखादे लग्न यांतच ही रक्कम संपावी, यात नवल नाही. पुढील वीस वर्षे तिच्यावर काढता येणार नाहीत, हे सांगावयास अर्थशास्त्री नको.

शासनाला या प्रश्नाची जाणीव नव्हती असे नाही. २०१२ साली महात्मा गांधी प्रवासी सुरक्षा योजना सुरू झाली. कामगाराने निवृत्तिवेतनासाठी बचत केल्यास शासन वर्षाला एक हजार रुपयांची भर घालणार होते. स्त्रियांसाठी ही भर अधिक होती. २०१७ मध्ये ही योजना गुंडाळण्यात आली, कारण सभासदच पुरेसे मिळाले नाहीत. परदेशी निघालेल्या माणसाच्या डोक्यावर बहुधा एजंटाच्या पैशांचे कर्ज असते. पहिली एकदोन वर्षे ते फेडण्यात जातात. त्या घडीला त्याच्यापुढे साठाव्या वर्षीच्या निवृत्तिवेतनाचा कागद ठेवला, तर तो बाजूला सारला जाणे अपरिहार्य होते. योजनेचा हेतू चुकला नाही. चुकली ती वेळ.

म्हणून निवड करावयाची ती कर्ज फिटल्यानंतर आणि परतीचा विचार सुरू होण्यापूर्वी. भारतातील आरोग्यविम्यात आधीपासून असलेल्या आजारांसाठी जास्तीत जास्त तीन वर्षांचा प्रतीक्षाकाळ असू शकतो. पंचावन्नाव्या वर्षी मधुमेह घेऊन परतल्यावर विमा घेणाऱ्याची ही तीन वर्षे ऐन गरजेच्या काळात जातात. परतण्याच्या पाच वर्षे आधी घेणाऱ्याची ती परदेशातच सरतात. दोन विम्यांचे हप्ते कशाला, असा प्रश्न घरून येईल. त्याचे उत्तर याच प्रतीक्षाकाळात आहे. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचे साहाय्य आहे. पण ते ठरावीक उपचारांपुरते. रोजच्या गोळ्या खिशातूनच घ्याव्या लागतात. निवृत्तिवेतनासाठी राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना अनिवासी भारतीयांनाही खुली आहे. तिच्यातील पैसा सहजासहजी काढता येत नाही, ही तक्रार खरी. परंतु नातेवाइकांच्या मागण्यांपुढे ज्याची बचत टिकत नाही, त्याच्या दृष्टीने हाच तिचा गुण ठरतो.

तथापि सारा भार एकट्या कामगारावर टाकणे न्याय्य नाही. बहारीनमध्ये मार्च २०२४ पासून परदेशी कामगारांच्या सेवासमाप्तीची रक्कम मालकाला दरमहा सामाजिक विमा संस्थेकडे भरावी लागते. मालक बुडाला, तरी कामगाराचे देणे बुडू नये, हा त्यातील लाभ आहे. अशी व्यवस्था अन्यत्रही व्हावी, यासाठी भारताने आग्रह धरावयास हवा. काही युरोपीय देशांशी भारताचे सामाजिक सुरक्षा करार आहेत. आखाती देशांशी मात्र नाहीत. केरळने २००८ च्या कायद्याने प्रवासी कल्याण मंडळ स्थापिले. किमान पाच वर्षे हप्ते भरणाऱ्या सभासदाला तेथे साठीनंतर निवृत्तिवेतन मिळते. कोकणातील कामगारासाठी महाराष्ट्रानेही असाच मार्ग चोखाळावयास हवा.

आखातातून आलेल्या पैशावर कोकणात घरे उभी राहिली. ती ज्याच्या कष्टांतून उभी राहिली, त्याला म्हातारपणी औषधपाण्यासाठी मुलापुढे हात पसरावा लागू नये, एवढी व्यवस्था कमावत्या वयातच करता येण्यासारखी आहे. मात्र त्यासाठी घराच्या पायाबरोबरच या दोन रिकाम्या रकान्यांचाही विचार झाला पाहिजे.