डिस्कचा वेग आणि गावची लाइन

गावात कोणाचा कॉम्प्युटर मंदावला की पहिला सल्ला मिळतो, “जुना झाला, नवा घ्या.” तो सल्ला मला पटत नाही. आमचं दरेकसा हे सालेकसा तालुक्यातलं, छत्तीसगडच्या सीमेलगतचं गाव. एखादी केबल लागली तरी सालेकसा, आमगाव, नाहीतर थेट गोंदिया गाठावं लागतं. धानाच्या पैशातून घरात आलेला डेस्कटॉप इतक्या सहज मोडीत काढायचा नसतो. शाळेत मी गणित शिकवत असे. निवृत्तीनंतर शेजारपाजारचे कॉम्प्युटर पाहून देतो. तक्रार बहुतेक वेळा एकच असते, “सर, बटन दाबलं का चाय पिऊन होते, तरी हे सुरूच नाही होत.” अशा वेळी मी आधी डिस्ककडे पाहतो.

साध्या हार्ड डिस्कमध्ये तबकड्या फिरतात. डेस्कटॉपमधली डिस्क बहुधा मिनिटाला 7200 फेरे घेते, म्हणजे सेकंदाला 120. एक फेरा सुमारे 8.3 मिलिसेकंदांचा. हवी ती जागा वाचणाऱ्या टोकाखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे चार मिलिसेकंद जातात. ते टोक योग्य वर्तुळावर सरकायला आणखी नऊ-दहा मिलिसेकंद लागतात. असे चौदा मिलिसेकंद धरले, तर विखुरलेले तुकडे सेकंदाला सत्तरच्या आसपासच वाचून होतात. विंडोज सुरू होताना हजारो लहान फायली मागते. मशीन अडकते ती इथे.

फाइल तुकड्या-तुकड्यांनी पसरली की हा त्रास वाढतो. एकाच शेतकऱ्याच्या बांध्या चार शिवारांत असल्या तर त्याचा निम्मा दिवस चालण्यातच जातो, तसंच हे. त्यावर उपाय विंडोजमध्येच आहे. शोधाच्या चौकटीत ‘डीफ्रॅगमेंट अँड ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज’ उघडा आणि शेवटचं काम कोणत्या तारखेला झालं ते पाहा. हे काम आठवड्याला आपोआप व्हावं अशी सोय असते, पण घरचा कॉम्प्युटर आपण काम संपताच बंद करतो, त्यामुळे ते राहून जातं. ‘ऑप्टिमाइझ’ दाबून मशीन तासभर चालू राहू द्या. मात्र त्याआधी सी ड्राइव्हवर जागा मोकळी करा. ड्राइव्ह काठोकाठ भरलेला असेल तर तुकडे एकत्र आणायलाही जागा उरत नाही. लग्नाचे व्हिडिओ डी ड्राइव्हवर हलवले तरी बरीच जागा सुटते.

त्याच्याही आधी दोन गोष्टी तपासायच्या. टास्क मॅनेजर उघडून डिस्कचा रकाना पाहा. काही न करताही तो सतत शंभर टक्क्यांच्या जवळ असेल, तर अडचण तिथेच आहे. पण शेजारचा मेमरीचा रकानाही भरलेला असेल, तर रॅममध्ये न मावलेलं काम विंडोज डिस्कवर ठेवत असतं. तिथे रॅम वाढवल्याशिवाय फरक पडत नाही. दुसरी गोष्ट डिस्कची तब्येत. ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ हा मोफत प्रोग्रॅम ती दाखवतो. त्यात पिवळी किंवा लाल खूण दिसली, तर वेगाचा विचार सोडा आणि आधी फोटो, दाखले, हिशेब दुसरीकडे उतरवून घ्या. आजारी डिस्कवर डीफ्रॅग चालवणं म्हणजे तिच्यावर आणखी ओझं टाकणं.

आता त्या दोन चौकटी, ज्यांच्याबद्दल मला सगळ्यांत कळकळीने सांगायचं आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्कच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘पॉलिसीज’ हा भाग असतो. पहिली चौकट राइट कॅशिंग चालू करणारी. लिहायचा मजकूर आधी वेगवान मेमरीत घेतला जातो आणि मग सोयीने तबकडीवर उतरतो. आतल्या डिस्कसाठी ही खूण बहुधा आधीच असते. नसेल तर करा, वेग वाढतो. तिच्याखालची दुसरी चौकट कॅशमधला मजकूर वेळच्या वेळी तबकडीवर उतरवण्याची सक्तीच काढून टाकते. वेगाच्या हौसेने पुष्कळ जण तिथेही खूण करतात. आमच्याकडे पावसाळ्यात कडकड वाजली की लाइन जाते. त्या क्षणी मेमरीत राहिलेला मजकूर तर जातोच, कधी संपूर्ण फाइलव्यवस्था बिघडते आणि विंडोज उठतच नाही. ज्या घरात यूपीएस नाही, तिथे दुसऱ्या चौकटीला हात लावू नये. यूपीएस असला तरी त्याची बॅटरी खरोखर दम धरते का, ते पाहावं.

‘पॉवर ऑप्शन्स’मध्ये काही मिनिटांनी हार्ड डिस्क थांबवण्याची सोय असते. थांबलेली तबकडी पुन्हा वेगात यायला काही सेकंद लागतात, म्हणून मधेच मशीन गोठल्यासारखी वाटते. दिवसभर काम असेल तर ती वेळ वाढवून घ्या. जुन्या मशीनच्या बायोसमध्ये डिस्क चालवण्याचे आयडीई आणि एएचसीआय असे दोन पर्यायही दिसतील. एएचसीआय चांगला, पण विंडोजची तयारी न करता पर्याय बदलला तर मशीन सुरूच होत नाही. जाणकार सोबत नसेल तर तिथे काही बदलू नका.

एवढं करूनही मशीन रखडत असेल, तर खर्च एसएसडीवर करा. तिच्यात काही फिरत नाही, त्यामुळे जागा शोधायला मिलिसेकंदाचा लहानसा अंशच लागतो. सहा गिगाबिट साटा जोडणीवरची चांगली एसएसडी सलग वाचनात सेकंदाला 500 मेगाबाइटच्या पुढे जाते. विंडोज तिच्यावर टाका आणि जुनी हार्ड डिस्क फोटो-व्हिडिओंसाठी ठेवा. एसएसडीवर पूर्वीसारखं डीफ्रॅग करायचं नसतं, त्याने ती विनाकारण झिजते. विंडोज तिला ओळखून ‘ट्रिम’ करते, म्हणजे पुसलेल्या फायलींची जागा रिकामी झाल्याचं तिला कळवते. तेवढं चालू असू द्या.

मुलांचा अभ्यास, सातबाऱ्याची प्रत, नातवंडांचे फोटो असं सगळं एका डिस्कवर असतं. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे. आधी प्रत, मग तब्येत, मग जागा, मग सेटिंग, आणि खरेदी सर्वांत शेवटी. चार सेकंद वाचवण्यासाठी घरची माहिती धोक्यात घालणारी सेटिंग मी कोणालाच करून देत नाही.