वेबसाइट सजवण्याआधी जागा रिकामी करा!



समजा, तुम्ही मसाल्याच्या व्यवसायाची वेबसाइट स्वतःच बनवताय. बॅनर अगदी कडेपर्यंत हवाय, पण चारही बाजूंनी पांढरी पट्टी दिसतेय. तुम्ही तर ती टाकली नाही! मग आली कुठून?

ती ब्राउझरने टाकली. भाड्याने गाळा घेतला की आधीच्या दुकानाच्या फळ्या आणि रंग असतोच ना? तसंच हे. ब्राउझर आपली डिफॉल्ट स्टाइल लावून ठेवतो. बॉडीला 8 पिक्सेल मार्जिन, यादीला 40 पिक्सेल पॅडिंग, लिंक निळी. साधं पानही वाचता यावं म्हणून ही सोय आहे.

पण खरा फटका बसतो ऑर्डर फॉर्मला. रकान्याला रुंदी 100 टक्के आणि दोन्ही बाजूंना 20 पिक्सेल पॅडिंग दिलं, की 360 पिक्सेलच्या मोबाइलवर रकाना होतो 400 पिक्सेलचा! पान आडवं सरकतं, मजकूर कापला जातो. ग्राहक तक्रार करत बसत नाही, सरळ दुसरीकडे जातो.

यावर उपाय म्हणजे सीएसएस रिसेट. फाइलच्या सगळ्यात वर हे तीन नियम लिहा:

1. सगळ्या एलिमेंटना बॉक्स-सायझिंग: बॉर्डर-बॉक्स. मग पॅडिंग रुंदीच्या आतच मोजलं जातं.
2. बॉडी, शीर्षकं आणि परिच्छेदांचं मार्जिन शून्य.
3. बटण, इनपुट, सिलेक्ट आणि टेक्स्टएरियाला फॉन्ट: इनहेरिट. नाहीतर तुम्ही निवडलेला मराठी फॉन्ट फॉर्ममध्ये लागतच नाही.

वरच का? कारण सारख्या वजनाच्या दोन नियमांत नंतरचा जिंकतो. रिसेट खाली गेला तर तुमचीच सजावट पुसेल.

एरिक मेयर यांचा 2007 चा रिसेट जवळपास सगळं पुसून टाकतो. नॉर्मलाइज नावाची फाइल मात्र उपयोगी डिफॉल्ट ठेवून फक्त ब्राउझरमधला फरक मिटवते. नवशिक्यांना वरचे तीन नियम पुरेत.

एक सांभाळा. बटणाभोवती उमटणारी फोकसची आउटलाइन काढू नका. कीबोर्डवरून साइट वापरणाऱ्याला आपण कुठे आहोत, ते त्यावरूनच कळतं.

काम बाहेर दिलं असेल, तर डेव्हलपरला आजच विचारा, "रिसेट कोणता वापरलाय?" आणि पैसे देण्याआधी दोन-तीन वेगळ्या मोबाइलवर स्वतः एक ऑर्डर टाकून बघा.